ओळीत न बसणारी संख्या

कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत नागेश गारगोटीकरांचं बटणांचं दुकान एकेचाळीस वर्षं चाललं. त्यांचे आजोबा गारगोटीहून कापडाचे तागे घेऊन हुबळीला आले होते. नातवापर्यंत येईतो ताग्यांचं दुकान चुलत्यांकडे गेलं आणि नागेशांच्या वाट्याला सुया, रिळं, हुक, चेनी आणि बटणं आली. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. कापड मीटरवर मोजायचं म्हणजे तुकडे राहतात. बटण एक म्हणजे एक, असं ते म्हणत.

मुलगी सविता लॅमिंग्टन रोडवरच्या कानडी शाळेत होती. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसे. ती नऊ वर्षांची असताना अप्पांनी, म्हणजे नागेशांनी, तिच्यापुढे लाकडी ट्रेमध्ये बारा बटणं ओतली आणि म्हणाले, "सारख्या ओळी कर."

तिनं तीन ओळी केल्या, चार-चारच्या. मग दोन, सहा-सहाच्या. अप्पांनी आणखी एक बटण टाकलं. "आता कर."

तेरा बटणांच्या ओळी होईनात. कशाही लावल्या तरी एखादं बटण बाहेर राही, नाहीतर एखादी ओळ लंगडी पडे. ती रडकुंडीला आली तेव्हा अप्पा हसले. "होणारच नाहीत. ही ओळीत न बसणारी आहे."

शाळेत पुढं तिला कळलं की अशा संख्येला पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. पण घरात तो शब्द कधी आला नाही. गारगोटीकरांकडे संख्या दोनच जातींच्या होत्या, ओळीत बसणाऱ्या आणि ओळीत न बसणाऱ्या.

त्याच दुकानात तिच्या हातून एक चूक झाली होती आणि ती जन्मभर तिला चिकटली. गिऱ्हाईक बहुतेक कानडी बोलणारं. कोणी 'अरवत्तमूरु' म्हणालं की आधी साठ ऐकू येतात, मग तीन; हात आपोआप सहा लिहितो, मग तीन. एकदा अप्पांच्या ओळखीचे एक टेलर आले आणि मराठीत म्हणाले, "त्रेसष्ठ पांढरी दे, बाळ." सविताच्या कानावर आधी 'त्रे' पडलं. तिनं तीन लिहिले, मग सहा. छत्तीस बटणं मोजून पुडी बांधली. टेलर तासाभरानं पायपीट करत परत आले.

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी पाटीवर दोन्ही आकडे लिहिले. "बेरीज कर. सहा नि तीन नऊ, तीन नि सहा नऊ. अंकांची अदलाबदल झाली तर बेरजेच्या पडताळ्याला कळत नाही. म्हणून तूच लक्ष ठेवायचं. कानडी ऐकलंस तर ऐकशील तसं लिही. मराठी ऐकलंस तर शेपटीकडून लिही."

पुढं कित्येक वर्षं ती काही विसरली, तिनं मीठ जास्त टाकलं, बस चुकवली की अप्पा एवढंच म्हणत, "त्रेसष्ठ."

रेडिमेड कपड्यांनी टेलर उठले, तसं सात वर्षांपूर्वी दुकानही उठलं. सविताची आई, चंद्रभागा, त्याआधीच गेली होती. अप्पा रायापूरला मुलाकडे, प्रभंजनकडे, राहायला आले. येताना दुकानातलं फक्त एकच सामान आणलं, ती पाटी.

सविता धारवाडला राहायची. रविवारी ती यायची तेव्हा अप्पा बाल्कनीत खुर्चीत बसलेले असत, मांडीवर पाटी, बाजूला ओलं फडकं. भागाकार चालू असे. कागद का घेत नाही, असं तिनं एकदा विचारलं.

"भागाकार ठेवून काय करायचाय? उत्तर ठेवायचं. ते डोक्यात राहतं."

त्यांनी स्वतःपुरता एक खेळ काढला होता. सात ही ओळीत न बसणारी. तिच्या उजवीकडे एक अंक जोडायचा, असा की नवी संख्याही ओळीत बसू नये. सातला तीन जोडला, त्र्याहत्तर. तीही बसत नाही. पुढं नऊ, सातशे एकोणचाळीस. तीही नाही. असं वाढवत जायचं. म्हणजे पूर्ण झालेल्या संख्येचा शेवटचा अंक पुसला तरी उरलेली ओळीत बसत नाही, आणखी एक पुसला तरी नाही, अगदी एकच अंक उरेपर्यंत नाही.

"असं कुठवर जातं?" सविताने विचारलं.

"तेच बघतोय. झाडासारखं आहे. फांद्या फुटतात नि वाळतात."

बघण्यात सहा वर्षं गेली. मोठ्या संख्येला हजारभर लहान संख्यांनी भागून बघावं लागे. एकीनं जरी पूर्ण भाग गेला तरी फांदी वाळली. भाग्यलक्ष्मी, प्रभंजनची बायको, सासऱ्यांना मामा म्हणे; कणीक मळता मळता सांगायची, "मामांचं ऑफिस आमच्या ऑफिसपेक्षा कडक आहे बघा अक्का. रविवारचीसुद्धा सुट्टी नाही."

गेल्या दिवाळीत अप्पा सविताला म्हणाले, "पाच फांद्या आठ अंकांपर्यंत आल्या. चार तिथंच थांबल्या. पाचवी सगळ्यांत मोठी. तिला नववा अंक लागतो का, एवढंच राहिलंय."

ती संख्या कोणती, हे विचारायचं तिच्या मनात आलं नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

जानेवारीत अप्पांना झटका आला. उजवा हात नि पाय गेला, तोंड वाकडं झालं. दहाव्या दिवशी शब्द फुटायला लागले, पण सुटे सुटे, कधी कानडी, कधी मराठी. डॉक्टरीण तरुण होती, कानडीत बोलायची, न घाई करता. तिनं दोघा भावंडांना बसवून सांगितलं. मानेतली रक्तवाहिनी जवळजवळ बुजली आहे. बंगळूरला नेऊन ऑपरेशन केलं तर दुसरा झटका टळू शकतो. पण वय चौऱ्याऐंशी. टेबलावरच काही होऊ शकतं, नाहीतर महिना-दीड महिना नळ्यांवर जाऊ शकतो.

"करायचं," प्रभंजन म्हणाला.

"ते नको म्हणतात," डॉक्टरीण म्हणाली. "मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा 'साकु' म्हणाले, पुरे. समजून म्हणत असतील तर मी त्यांना पाठवणार नाही. पण समजून म्हणतात की नाही, हे मला दहा मिनिटांत कळत नाही. तुम्ही त्यांची मुलं. दोघांनी मिळून सांगा. परवा सकाळी अँब्युलन्स आहे."

बाहेर येताच प्रभंजन म्हणाला, "अक्का, अर्धं वाक्य कानडी, अर्धं मराठी. काल मला मारुतीमामा म्हणाले. मामा जाऊन वीस वर्षं झाली. हे समजून बोलणं आहे? बापाला असंच मरू द्यायचं काय?"

नवरा गेल्यापासून कागदावर सही करायची वेळ आली की सविताला अप्पांना विचारायची सवय होती. या कागदाचं अप्पांनाच कसं विचारणार?

तरी तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण रक्तदाब बघत होती. सविता पलंगापाशी वाकली. "अप्पा, ऑपरेशनला नको का म्हणता?"

अप्पांनी डावा हात हलवला, लिही, असा. तिनं औषधाची कागदी पिशवी पालथी केली, पेन काढलं. अप्पांनी डॉक्टरणीकडे बघत कानडीत सुरुवात केली, एकेका शब्दाला दम घेत.

"एप्पत्तमूरु."

तिनं सात लिहिले, तीन लिहिले.

"तोंबत्तमूरु."

नऊ, तीन. मग त्यांना ठसका लागला. सविताने पेन ठेवलं, त्यांचं डोकं उचललं. "पाणी देऊ अप्पा? हळू. हळू घ्या." चमच्यातलं थोडं पाणी पिशवीवर सांडलं. अप्पांनी डोळे मिटले, मग म्हणाले, "एक्याण्णव... तेहतीस."

ते तिनं लिहिलं. अप्पा म्हणाले, "बेरीज अडतीस." आणि थोड्या वेळानं, "पुढं काही जोडता येत नाही. बघितलं. साकु."

डॉक्टरणीनं प्रश्नार्थक बघितलं. सविता म्हणाली, "हा त्यांचा हिशोब आहे. सहा वर्षं करत होते." तिनं पिशवीवरच्या अंकांची बेरीज केली. अडतीस. पिशवी घेऊन ती उठली. बाहेर बाकावर तिची मुलगी स्नेहा बसली होती. तिच्यापुढे पिशवी धरून ती म्हणाली, "ही संख्या ओळीत बसते का, फोनवर बघ. बसत नसेल तर अप्पांचं डोकं शाबूत आहे."

आजोबांची बटणं स्नेहानंही लावली होती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं अंक टाकले: ७३९३१९३३. मग फोनकडे बघत राहिली.

"आई, बसते. एकोणतीसनं पूर्ण भाग जातो."

"पुन्हा टाक."

"दोनदा टाकलं."

एकोणतीस म्हणजे अगदी सुरुवातीचा भागाकार. शुद्धीतले अप्पा असते तर त्यात कधीच चुकले नसते. सविता बाकावर बसली. अप्पांना बेरीज तेवढी आठवत होती, जशी म्हाताऱ्या माणसाला आरतीची चाल आठवते आणि शब्द दुसरेच येतात. प्रभंजनचं खरं होतं. दुपारी बारा वाजता तिनं कागदावर त्याच्या सहीखाली सही केली. प्रभंजननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस अक्का." तो बिचारा रात्रंदिवस धावत होता, त्याचे डोळे सुजले होते.

बंगळूरला न्यायचे कपडे आणायला ती रायापूरला गेली. भाग्यलक्ष्मीनं अप्पांची बनियनं, लुंग्या, स्वेटर घडी करून ठेवलं होतं. पाटी स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर उभी होती. वर खडूनं लिहिलेलं, 'सिलिंडर – १४ तारीख'.

सविता पाटीकडे बघते आहे, हे भाग्यलक्ष्मीच्या लक्षात आलं. "अक्का, मामांना हॉस्पिटलात नेलं त्या दिवशीच मी पुसली. मला वाटलं, आकडेच आहेत. काही ठेवायचं असतं तर वहीत लिहिलं असतं की."

"तुझी काय चूक," सविता म्हणाली. तिनं पाटी काढली, नळाखाली धरली आणि डायनिंग टेबलाशी बसली. काही शोधायला नाही. अप्पांची सहा वर्षं अशीच गेली, एवढं तरी स्वतःच्या हातानं बघावं म्हणून. पर्समधली पिशवी तिनं शेजारी ठेवली आणि अप्पांनी संख्या जशी वाढवली असेल तशी डावीकडून एकेक अंक जोडत गेली.

सात. नाही बसत. त्र्याहत्तर. नाही बसत. सातशे एकोणचाळीस. तिनं सत्तावीसच्या आतल्या सगळ्यांनी भागून बघितलं. नाही बसत. सात हजार तीनशे त्र्याण्णवला अर्धा तास लागला. पाटी तीनदा पुसली. भाग्यलक्ष्मी चहा ठेवून गेली, तो निवला. नाही बसत.

पाचवा अंक एक. ७३९३१. अप्पांनी अकराची युक्ती शिकवली होती, एकाआड एक अंकांची बेरीज करायची. सात, नऊ, एक, सतरा. तीन नि तीन सहा. सतरातून सहा गेले, अकरा. म्हणजे अकरानं भाग जातो. भागाकार करायचीसुद्धा गरज नाही.

ती खडू धरून तशीच बसली. ज्याचं डोकं गेलंय तो चार पायऱ्या बिनचूक चढून पाचवीवर असा पडेल? आणि अकरासारख्या दगडावर? अप्पा पाचव्या अंकाशी एक ठेवणारच नाहीत. तिथं दुसरं काहीतरी होतं.

तिनं पिशवी जवळ ओढली. पहिले चार अंक निळे, स्वच्छ. मग पाण्याचा थेंब पडून फुगलेला, सुकलेला कागद. आणि त्याच्या पलीकडे एक, नऊ, तीन, तीन.

पाणी. तिनं मराठीत विचारलं होतं, पाणी देऊ अप्पा? आणि त्यानंतर अप्पा मराठीत बोलले होते.

"एक्याण्णव," ती मोठ्यानं म्हणाली. कानावर आधी एक पडला होता, तो तिनं आधी लिहिला. मग नव्वद, त्याचे नऊ. तेहतीसला काही झालं नाही, दोन्हीकडून तीनच. बेरीज तर अडतीसच राहणार. बेरजेला कुठं कळतं!

तिनं एक पुसला आणि नऊ लिहिला. ७३९३९. त्यापुढे एक, तीन, तीन. मग स्नेहाला फोन लावला आणि एकेक संख्या सांगत गेली, कानडीत. पाच अंकी, सहा अंकी, सात अंकी. स्नेहा प्रत्येक वेळी "नाही बसत" म्हणत होती. आठव्या अंकानंतर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आई, नाही बसत. तू रडतेस काय?"

"नववा जोडून बघ. एक, तीन, सात, नऊ. बाकीचे तर बसतातच."

"चारही बसतात ओळीत. कोणताही जोडला तरी बसतात."

पुढं काही जोडता येत नाही. बघितलं. साकु.

कपड्यांची पिशवी टेबलाखालीच राहिली. हॉस्पिटलात प्रभंजन अँब्युलन्सवाल्याशी फोनवर बोलत होता. तिनं त्याला थांबवलं आणि पाटी दाखवून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे मघाशी एका आकड्यासाठी सही केलीस नि आता एका आकड्यासाठी काढणार? अक्का, बाप आहे तो. बटण नव्हे."

"म्हणूनच. ते नको म्हणाले, ते समजून म्हणाले. मी चुकीचं लिहिलं, ते चुकीचं बोलले नाहीत."

"आणि मला मारुतीमामा म्हणाले ते?"

"तू मामांसारखाच दिसतोस बाबा. आम्हीपण म्हणतो."

ती आत गेली. अप्पा जागे होते. तिनं पाटी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. ते एकेक अंक बघत गेले. डाव्या हाताचं बोट उचलून त्यांनी पाचव्या अंकावर ठेवलं, जिथं पुसल्याचा पांढरा डाग राहिला होता.

"मी आधी उलटं लिहिलं होतं अप्पा," सविता म्हणाली. "एकोणीस."

अप्पांच्या वाकड्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"त्रेसष्ठ," ते म्हणाले.

दारात उभ्या राहिलेल्या प्रभंजननं ते ऐकलं. तो खाली मान घालून कॉरिडॉरमध्ये निघून गेला. पण डॉक्टरणीपुढे सविताने सही मागे घेतली तेव्हा त्यानं अडवलं नाही.

अप्पा रायापूरला घरी आले आणि पाच महिने राहिले. भाग्यलक्ष्मीनं त्यांची खाट बाल्कनीच्या दाराशी लावली. शब्द कमी होत गेले. आधी वारांची नावं गेली, मग भाज्यांची, मग नातवंडांची. उरलेले शब्द मात्र त्यांचेच होते. शेवटच्या आठवड्यातसुद्धा भाग्यलक्ष्मी वरणात मीठ टाकायला विसरली तेव्हा त्यांनी चमचा थांबवून तिच्याकडे असं बघितलं, की ती म्हणाली, "कळलं मामा, त्रेसष्ठ." जूनमध्ये एका दुपारी, जेवणानंतर, दुसरा झटका आला आणि संपलं.

प्रभंजन सविताशी दिवसकार्यापुरतं बोलला. नंतर बोलणं बंदच झालं. तो कडवट नव्हता, पण त्याच्या मनात एक हिशोब राहिला होता आणि तो तिच्याकडे बघितलं की वर येत असणार. सविताही तोच हिशोब करत होती. ऑपरेशन केलं असतं तर? कदाचित दोन वर्षं. कदाचित बंगळूरच्या टेबलावर एक तास. याला कोणत्याही संख्येनं भाग जात नव्हता.

सप्टेंबरात एका रविवारी सकाळी तो धारवाडला तिच्या घरी आला. हातात पेपरात गुंडाळलेली पाटी. चपला काढून बसला, पाणी प्यायला. पेपर सोडवून पाटीची लाकडी कड बोटानं घासत राहिला.

"अक्का, ऑपरेशन केलं असतं तर वाचले असते?"

"माहीत नाही मला."

"मलापण नाही." त्यानं पाटी मांडीवर घेतली. "भाग्यलक्ष्मी म्हणते, ही त्यांच्या फोटोखाली ठेवू या. पण घरी नेली तेव्हा पुसली गेली. मला आकडा पाठ नाही." त्यानं खिशातून खडू काढला. "सांग तू."

सविता समोर बसली. तोही लॅमिंग्टन रोडच्या त्याच शाळेतला, तिच्यासारखाच कानानं लिहिणारा. ती कानडीत सांगायला लागली, एकेका जोडीला थांबत, म्हणजे त्याचा हात चुकणार नाही.

"एप्पत्तमूरु."

सात, तीन.

"तोंबत्तमूरु."

नऊ, तीन.

"तोंबत्तोंदु."

नऊ, एक. तिनं श्वास सोडला.

"मूवत्तमूरु."

त्यानं लिहिलं, ओठ हलवत बेरीज केली आणि म्हणाला, "अडतीस." खडू पाटीवर तसाच टेकलेला. "पुढं?"

"पुढं नाही," सविता म्हणाली. "तेवढीच आहे."

त्यानं मान हलवली, आणि खडूची पूड झटकायला हात मागं नेला, पाटीपासून लांब.